कोणाची तुलना कोणाशी? मानव विकासातील स्त्री-पुरुष विषमता मोजण्याची तीन दशके

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या. मुंबई शहर जिल्ह्यात हाच आकडा ८३२ होता. कोकण न पाहिलेला माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवून म्हणेल, बाईने जन्माला यावे तर रत्नागिरीत. कोकणातल्या कोणालाही यातली मेख लगेच कळते. रत्नागिरीच्या रकान्यात कमी पडलेले पुरुष मुंबईच्या रकान्यात मोजले गेले आहेत. चाकरमानी गेला, मागे बाई, सासूसासरे आणि भातशेती राहिली. त्याच जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्या मुली कुठे कामाधंद्याला गेल्या नव्हत्या; त्यांना जन्मालाच येऊ दिले नव्हते. दोन्ही आकडे दर हजारीच, पण एक पोटापाण्याची गोष्ट सांगतो आणि दुसरा सोनोग्राफीची.

मानव विकासाच्या चौकटीत स्त्री-पुरुष विषमता कशी मोजायची, या प्रश्नावर गेली तीस-पस्तीस वर्षे जो काथ्याकूट चालू आहे, त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे. आकडा मिळतो; तो कशाच्या तुलनेत वाचायचा, यावर एकमत होत नाही.

निर्देशांकांच्या आधी

भारतात या चर्चेची ठळक सुरुवात १९७४च्या ‘समानतेकडे’ या सरकारी समितीच्या अहवालापासून धरतात. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव असलेल्या या समितीने एक जुनीच आकडेवारी नव्याने पुढे ठेवली: १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. स्वातंत्र्य, शाळा, दवाखाने हे सगळे येऊनही बायकांचे प्रमाण घटत होते.

पुढे १९९० साली अमर्त्य सेन यांनी जगात दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘बेपत्ता’ असल्याचा हिशेब मांडला. सारखे अन्न आणि सारखे औषधपाणी मिळाले असते तर जितक्या स्त्रिया हयात असत्या, त्यातून प्रत्यक्षातल्या स्त्रिया वजा केल्यावर उरलेला हा आकडा. पण ‘असत्या’ म्हणजे नेमक्या किती? लोकसंख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्स्ले कोल यांनी दुसरे गृहीत प्रमाण घेतले आणि त्यांचा आकडा सहा कोटींच्या आसपास आला. २००५ साली एमिली ऑस्टर यांनी काविळीच्या ब विषाणूमुळे मुलगे अधिक जन्मतात, तेव्हा बेपत्ता स्त्रियांपैकी बऱ्याच मुळात बेपत्ताच नाहीत, असे प्रतिपादन केले. नंतरच्या संशोधनाने ते टिकले नाही आणि त्यांनी स्वतःच ते मागे घेतले. विद्वानांच्या जगात इतका सरळपणा नेहमी दिसत नाही, म्हणून ही नोंद. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२०च्या अहवालात जगभरातल्या बेपत्ता स्त्रिया चौदा कोटींहून अधिक आणि त्यांतल्या सुमारे ४ कोटी ६० लाख भारतातल्या, असा अंदाज दिला.

हा मार्ग जगण्या-मरण्याचा होता. जिवंत राहिलेल्या स्त्रीचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

१९९५ : एका सूत्राचा जन्म

अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला तोडीस तोड असा एकच आकडा हवा, हा हक यांचा आग्रह. इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टी एका आकड्यात कोंबायला सेन प्रथम तयार नव्हते. शेवटी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचा मिळून मानव विकास निर्देशांक झाला. पण तो सरासरीचा होता. सरासरीत घरातला मुलगा शिकला आणि मुलगी घरी राहिली, हे दिसत नाही.

म्हणून १९९५ साली, बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या तोंडावर, सुधीर आनंद आणि सेन यांच्या मांडणीवरून दोन नवी मापे आली. पहिले लिंगसापेक्ष विकास निर्देशांक, दुसरे स्त्री सक्षमीकरण मापन.

पहिल्यामागची कल्पना सुबक होती. समजा एका ठिकाणी ६० टक्के स्त्रिया आणि ८० टक्के पुरुष साक्षर आहेत. साधी सरासरी ७०. आनंद-सेन पद्धतीत साध्या सरासरीऐवजी हरात्मक मध्य घ्यायचा. तो येतो सुमारे ६८.६. मधला दीड टक्क्याच्या आतबाहेरचा फरक म्हणजे विषमतेपोटी केलेली वजावट. दरी रुंदावली की वजावट वाढते. समाजाला विषमता किती खुपते, हे सूत्रातल्या एका संख्येने ठरते आणि ती संख्या बदलता येते. म्हणजे नैतिक निवड सूत्रात उघडपणे लिहून ठेवली होती. टीकाकारांनीही हा प्रामाणिकपणा मान्य केला आहे.

आयुर्मानाच्या बाबतीत आणखी एक गृहीत होते. सारखी काळजी मिळाली तर स्त्रिया पुरुषांपेक्षा साधारण पाच वर्षे अधिक जगतात, असे धरून स्त्रियांची कमाल मर्यादा ८७.५ वर्षे आणि पुरुषांची ८२.५ ठेवली गेली. भारतात स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांच्या पुढे गेले तेच १९८०च्या दशकात, तेही आधी केसभरच. म्हणजे ज्या वर्षी दोघांचे आकडे जुळले, त्या वर्षीही या मापाने भारत विषमच ठरत होता.

दुसऱ्या मापनात संसदेतल्या जागा, व्यवस्थापकीय व तांत्रिक पदे आणि कमाई यांतला स्त्रियांचा वाटा होता. त्याच अहवालाने जगातल्या मोबदल्याविना होणाऱ्या वा कमी मोजल्या जाणाऱ्या कामाची किंमत १६ लाख कोटी डॉलर धरली आणि त्यांतले ११ लाख कोटी स्त्रियांच्या नावावर मांडले. पण तो आकडा निर्देशांकात गेला नाही. जे सगळ्यांत मोठे, तेच मापाबाहेर राहिले.

टीका आणि तिची कारणे

१९९९ साली कल्पना बर्धन आणि स्टेफान क्लासेन यांनी या दोन्ही मापांची तपासणी केली, आणि पुढचा बराच वाद त्यांनी आखलेल्या वाटेवरून गेला.

त्यांचा पहिला मुद्दा वाचकांच्या गैरसमजाचा होता. लिंगसापेक्ष विकास निर्देशांक विषमता मोजत नव्हता. विषमतेची वजावट केल्यावर उरलेला विकास मोजत होता. श्रीमंत देशाचा आकडा मोठा, गरीब देशाचा छोटा, आणि वर्तमानपत्रे लिहीत की श्रीमंत देशात स्त्रिया समान आहेत. विषमता पाहायची तर हा आकडा मूळ मानव विकास निर्देशांकाशी ताडून पाहावा लागे, आणि तसे फार थोडे जण करत.

दुसरा मुद्दा अधिक खोल. एकूण वजावटीतला मोठा हिस्सा उत्पन्नाच्या घटकातून येत होता, आणि नेमके तिथेच माहिती सर्वांत कच्ची होती. बहुतेक देशांत स्त्रियांचे उत्पन्न वेगळे नोंदलेच जात नाही. मग बिगरशेती मजुरीतले प्रमाण घ्यायचे, तेही नसेल तर स्त्रीची मजुरी पुरुषाच्या ७५ टक्के आहे असे धरायचे. शेतीवर जगणाऱ्या देशासाठी बिगरशेती मजुरी. त्यातही कमावणे आणि वापरणे या दोन गोष्टी. घरात पैसा कोण आणतो आणि ताटात कोणाच्या काय पडते, यांचा मेळ बसेलच असे नाही.

सक्षमीकरण मापनात उत्पन्नाची पातळीही मिसळली होती. त्यामुळे गरीब देशाने संसदेत निम्म्या स्त्रिया पाठवल्या तरी तो वर येणे कठीण. आणि व्यवस्थापक, संसद, तंत्रज्ञ यांतल्या कोणत्याच शिडीवर शेतमजूर बाई उभी नसते.

बचाव करणाऱ्यांचे म्हणणेही नीट ऐकायला हवे. शंभरहून अधिक देशांची माहिती एकत्र आणायची तर खडबडीत माप चालवून घ्यावे लागते. आणि माप खडबडीत असले तरी त्याच्यामुळेच अनेक सांख्यिकी खात्यांना स्त्रियांचे आकडे वेगळे गोळा करणे भाग पडले. भारताच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००९ साली दोन्ही मापे भारतीय परिस्थितीला जुळवून घेऊन राज्यवार काढली, हा त्याचाच एक परिणाम.

२०१० नंतर

मानव विकास अहवालाला वीस वर्षे झाली तेव्हा दोन्ही जुनी मापे बाजूला ठेवून लिंगविषमता निर्देशांक आणला गेला. उत्पन्नाचा अंदाज त्यातून गेला. त्याच्या जागी मातामृत्यू, किशोरवयीन मातृत्व, संसदेतल्या जागा, माध्यमिक शिक्षण आणि श्रमातला सहभाग ही पाच मोजमापे आली. शून्य म्हणजे समानता, एक म्हणजे पराकोटीची विषमता.

उत्पन्नाचा प्रश्न सुटला. तुलनेचा नव्याने उभा राहिला. मातामृत्यूला पुरुषांच्या बाजूचा जोडीदार आकडाच नाही. सूत्र तिथे पुरुषाला ‘एक’ धरते आणि मातामृत्यूची तुलना लाखामागे दहा या पातळीशी करते. इन्याकी पेरमान्येर यांनी २०१३ साली दाखवले, की यामुळे शिक्षण, नोकरी आणि संसद यांत संपूर्ण बरोबरी असलेला देशसुद्धा, केवळ दवाखाने अपुरे असल्याने, विषम ठरतो. त्यांच्या मते इथे गरिबी आणि विषमता यांची गल्लत होते. दुसरी बाजू म्हणते, बाळंतपणातले मृत्यू बहुतांशी टाळता येतात; ते टाळण्यावर समाज खर्च करतो की नाही, यातच बाईच्या जिवाचे मोल कळते. पुरुषाशी तुलना होत नाही म्हणून तो मुद्दा गाळायचा का? दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच हा वाद सूत्र बदलून मिटेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रातला फरक इथे पाहण्याजोगा आहे. २०१८-२०च्या नमुना नोंदणीनुसार देशाचे मातामृत्यू प्रमाण लाख जन्मांमागे ९७, महाराष्ट्राचे ३३, केरळचे १९. या एका मोजमापावर महाराष्ट्र आघाडीच्या राज्यांत बसतो. आणि बीडच्या ८०७ मुली याच महाराष्ट्रातल्या, जिथे गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली झाला. लिंगविषमता निर्देशांकाच्या पाच मोजमापांत जन्मावेळच्या लिंगगुणोत्तराला जागा नाही.

२०१४ पासून मानव विकास अहवालात लिंगसापेक्ष विकास निर्देशांक नव्या रूपात परत आला. स्त्रियांचा आणि पुरुषांचा मानव विकास निर्देशांक वेगवेगळा काढायचा आणि भागाकार करायचा. समजायला सोपे, आणि बर्धन-क्लासेन यांच्या पहिल्या आक्षेपाला सरळ उत्तर. पण स्त्रियांचे उत्पन्न पुन्हा अंदाजानेच. भारताचे २०२२ सालचे हे प्रमाण ०.८५२ होते.

दरी आणि पातळी

दरम्यान २००६ पासून जागतिक आर्थिक मंच स्वतःचा लिंगदरी निर्देशांक काढू लागला, आणि मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी ज्या क्रमांकाच्या बातम्या येतात तो बहुधा हाच. त्याचे तत्त्व वेगळे. देश श्रीमंत की गरीब हे पाहायचे नाही. स्त्री आणि पुरुष यांच्यातले अंतर तेवढे पाहायचे. दोघेही तितकेच अशिक्षित असतील तर दरी शून्य. स्त्रिया पुढे गेल्या तरी गुण एकाच्या वर जात नाहीत.

या दोन मापांतला फरक बांगलादेशच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसतो. २०२२ सालच्या लिंगविषमता निर्देशांकात भारत १०८वा आणि बांगलादेश १३१वा. बांगलादेशात किशोरवयीन मातांचे प्रमाण फार मोठे आहे. २०२३च्या लिंगदरी निर्देशांकात मात्र बांगलादेश ५९वा आणि भारत १२७वा. गेल्या पन्नास वर्षांत देशाचे सर्वोच्च पद किती काळ स्त्रीकडे होते, हे मंचाच्या मापात मोजले जाते, आणि शेख हसीना व खालिदा झिया यांची वर्षे तिथे जमा होतात. पुढच्या वर्षी बांगलादेश ९९वा झाला, त्यानंतरच्या वर्षी २४वा. ढाक्यातल्या कापडकारखान्यात शिवणयंत्रावर बसलेल्या बाईच्या आयुष्यात दोन वर्षांत एवढी उलथापालथ झाली असेल, असे कोणी म्हणणार नाही.

राजकीय घटकाबद्दल आपल्याकडचा आक्षेप निराळा आहे. २०२४च्या लोकसभेत ५४३पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. मापात संसदेची हीच आकडेवारी जाते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या, त्याची कुठेच गणती नाही. त्यावर उलट प्रश्नही विचारला जातो, आणि तो रास्त आहे: सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा, असे जिथे आहे तिथे ती जागा कोणाच्या खात्यात धरायची? खुर्ची मोजणे सोपे. खुर्चीवरून निघालेला शब्द कोणाचा, हे मोजायला अजून कोणाला जमलेले नाही.

उलट्या टोकाची मांडणीही नोंदवायला हवी. गिस्बर्ट स्टूट आणि डेव्हिड गिअरी यांनी २०१९ साली निरोगी आयुष्य, मूलभूत शिक्षण आणि जीवनाबद्दलचे समाधान या तीनच गोष्टी घेऊन एक माप काढले. त्यात १३४पैकी ९१ देशांत पुरुष मागे दिसले. मंचाचे माप पुरुषांची पीछेहाट दाखवतच नाही, हा त्यांचा आक्षेप बरोबर आहे. मात्र सत्ता, मिळकत आणि हिंसा या गोष्टी वगळून काढलेला निष्कर्ष त्या वगळण्यावरच उभा आहे, असे त्यांचे टीकाकार म्हणतात.

उंबऱ्याच्या आत

सर्वांत कमी सुटलेला प्रश्न कामाचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईसाठी ९२ आणि ९३ असे दोन सांकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय सरपण, पाणी, शिवणटिपण वगैरे. दोन्ही सांकेतांकांतल्या बाया श्रमशक्तीबाहेर धरल्या जातात. हंडा डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चालणारी बाई काम करत नाही, असे त्याचे मराठी होते.

वेळवापराच्या पाहण्या हा त्यावरचा उपाय. भारतात १९९८-९९ साली सहा राज्यांत आणि २०१९ साली प्रथमच देशभर अशी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७, हे आकडे सर्वत्र छापून आले. त्यांतली एक गोम सहसा सांगितली जात नाही: ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. असे पुरुष २६ टक्केच होते, स्त्रिया ८१ टक्के. सगळ्या पुरुषांवर वाटले तर ९७ मिनिटांची होतात साधारण २५, आणि स्त्रियांची २४३. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्यांची सरासरी २८९ आणि ८८ मिनिटे आली. दोघांचीही कमी झाली. दरी जवळपास तेवढीच.

श्रमसहभागाचा आकडा यापेक्षाही निसरडा. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ साली ४१.७ टक्के झाला. लिंगविषमता निर्देशांकात ही सरळसरळ प्रगती. काही अभ्यासक ती खरी मानतात. इतर म्हणतात, वाढीतला मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायाही येतात. त्या आधीही राबतच होत्या. आता नोंदल्या गेल्या. शिवाय क्लॉडिया गोल्डिन यांनी मांडलेल्या इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या वळणाप्रमाणे उत्पन्न वाढताना स्त्रियांचा सहभाग आधी घटतो आणि शिक्षणाबरोबर पुन्हा चढतो. तसे असेल तर घट नेहमीच अधोगती नव्हे आणि वाढ नेहमीच प्रगती नव्हे.

या सगळ्या मापांपुढे मराठवाड्यातली ऊसतोड ठेवून पाहावी. तिथे मजुरीचे एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, खाडा झाला तर कापतो तोही कोयत्याचा. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि तिची वेगळी मजुरी किती, हा प्रश्नच त्या हिशेबात बसत नाही. मानव विकास अहवालाला तिचे उत्पन्न हवे असते. ते जगात कुठेच लिहिलेले नाही. श्रमसहभागात ती शंभर टक्के भरते. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण त्या वेळी पुढे आले. मातामृत्यूच्या रकान्यात यातली एकही बाई येत नाही.

काय उरले आहे

नायला कबीर यांनी १९९९ साली सक्षमीकरणाचे तीन भाग केले: साधने, निर्णयशक्ती आणि प्रत्यक्ष साध्य. पहिला आणि तिसरा मोजता येतो, मधला निसटतो. त्यावर वेगवेगळे प्रयत्न चालू आहेत. २०१२ सालच्या शेतीतील स्त्री सक्षमीकरण निर्देशांकात एकाच घरातल्या स्त्रीला आणि पुरुषाला स्वतंत्रपणे विचारतात, कोणते पीक घ्यायचे हे कोण ठरवते, आणि उत्तरे ताडून पाहतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा २००९ पासूनचा निर्देशांक वारसा, विवाह आणि हिंसा यांचे कायदे व रूढी पाहतो; सातबारावर प्रत्यक्षात कोणाचे नाव लागले, तिथपर्यंत त्याचाही हात पुरा पोचत नाही. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून स्त्रियांची स्वतःची पातळी आणि पुरुषांशी बरोबरी यांची दोन मापे वेगळी पण जोडीने दिली. ‘दरी की पातळी’ या जुन्या भांडणावर निवाडा न देता दोघांना वेगळ्या खोल्या देण्याचा हा प्रकार आहे, आणि मला तो समंजस वाटतो. पण दोन आकडे म्हटले की क्रमवारीची बातमी होत नाही, आणि बातमी झाली नाही तर मंत्रालयात फाईल हलत नाही, हा हक यांचा जुना युक्तिवाद आजही खोडता येत नाही.

जिल्हा पातळीवर तर ही चर्चा अजून २०११च्याच आकड्यांवर चालते. नव्या जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. गणनेच्या पूर्ण काळात गावाबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम. बीडचे कोयते तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर असतील. प्रगणक मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पहाटे फडात गेलेल्या टोळ्या परतायच्या आधी पोचला, तर कोपीत बहुधा म्हातारी आणि लहान पोरेच भेटतील, आणि सून कामकरी की घरकाम, हे म्हातारीच सांगेल.